मध्यस्थाची वही

शाळामास्तराच्या आयुष्यांत हजेरीपटाइतकें ओळखीचें दुसरें पुस्तक नाहीं. पटावर 'हजर' अशी खूण पडली म्हणून मुलगा शिकला असें ठरत नाहीं, आणि 'गैरहजर' पडली म्हणून तो उनाड असेंहि नाहीं; कदाचित् घरीं आई तापानें निजून असेल. पट वाचणाऱ्यानें एवढा विवेक ठेवावाच लागतो. छत्तीस वर्षें मीं तो ठेवला, आणि निवृत्त झाल्यावर एका निराळ्याच वहीपुढें हरवून बसलों. त्या वहीविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

पुष्कळ शाळा, वसतिगृहें आणि कचेऱ्या यांतील संगणक इंटरनेटशीं थेट बोलत नाहींत. मध्यें एक संगणक मुखत्यारासारखा बसविलेला असतो. त्याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. आंतल्या माणसानें एखादें पान मागितलें कीं ती मागणी या मध्यस्थाकडे जाते. तो तें पान बाहेरून आणून देतो. तेंच पान पूर्वीं कोणी मागितलेलें असून कोठींत शिल्लक असेल, तर तेथूनच काढून देतो. आणि तें वर्ज्य ठरविलेलें असेल, तर नकार देतो. हें करतांना प्रत्येक मागणीची एक ओळ तो आपल्या वहींत टिपून ठेवतो. १९९६ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेला 'स्क्विड' हा या जातीचा नामांकित प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो, म्हणून लहान संस्थांनाहि तो परवडतो.

स्क्विडच्या नेहमींच्या ओळींत दहा रकाने असतात. मागणी केव्हांची, तिला किती वेळ लागला, कोणत्या संगणकाकडून आली, निकाल काय लागला, किती बाइट दिले, मागणीचा प्रकार कोणता, पत्ता कोणता, मागणाऱ्याचें नांव काय, माल कोठून आणला आणि तो कोणत्या जातीचा, अशी ही माहिती असते. एकेक पान उघडतांना चित्रें वगैरे मिळून कित्येक मागण्या होतात. त्यामुळें शेंदीडशें मुलांच्या वसतिगृहांतहि दिवसाला लाखों ओळी सहज जमतात. त्या कोण वाचणार? म्हणून 'सार्ग'सारखे प्रोग्रॅम वही चाळून अहवाल करतात: अमक्याच्या जोडण्या इतक्या, बाइट इतके, वेळ इतका. कागद सुबक दिसतो, आणि सुबक कागदावर विश्वास बसतो. येथेंच घात होतो.

कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थी-वसतिगृहाच्या देखरेख मंडळावर मला घेण्यांत आलें. तेथें प्रत्येक मुलानें आपलें नांव आणि परवलीचा शब्द देऊन इंटरनेट वापरावयाचें, आणि वापराचा अहवाल दरमहा मंडळापुढें यावयाचा, अशी रीत होती. एका महिन्याच्या अहवालांत एका मुलाचें नांव सर्वांत वर आलें. एका दिवशीं त्याच्या नांवावर २६ तास, आणि त्यांतील पुष्कळसा वापर सकाळीं अकरापासून पुढें, म्हणजे कॉलेजचे तास चालू असतांना! मंडळानें त्याचें इंटरनेट बंद केलें, वडिलांना पत्र धाडलें, आणि कानउघाडणीचें काम वडीलकीमुळें माझ्याकडे आलें. मीं तें पुरेपूर बजावलें. मुलानें सारें निमूटपणें ऐकलें आणि मान खालीं घालून एवढेंच विचारलें, "गुरुजी, दिवसाचे तास चोवीसच ना?"

श्रोतेहो, ज्यानें उभा जन्म मुलांना अंकगणित शिकविलें, त्याच्या ध्यानांत ही गोष्ट आधीं यावयास नको होती काय? त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं संगणक सांभाळणाऱ्या तरुणाला बरोबर घेऊन मीं अहवाल बाजूला ठेवला आणि मूळ वही उघडली.

पहिला उलगडा २६ तासांचा झाला. वहींतला 'लागलेला वेळ' हा ती जोडणी किती वेळ उघडी होती याचा असतो. माणूस पडद्यापुढें किती वेळ बसला याचा नव्हे. एकाच वेळीं दहा जोडण्या एक तास उघड्या राहिल्या, तर बेरीज दहा तासांची होते. मुलगा जेवावयास गेला तरी उघड्या पानाची जोडणी चालूच राहूं शकते. दहा नळ तासभर सोडले, म्हणजे घरमालक दहा तास न्हाला असें कोणी म्हणेल काय?

दुसरा उलगडा घड्याळाचा. स्क्विड तारीख-वेळ लिहीत नाहीं. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले तेवढा आंकडा लिहितो. अहवाल करणारा संगणक त्याची वेळ बनवितो, तो स्वतःच्या घड्याळाप्रमाणें. १७० कोटी हा आंकडा घ्या. ग्रीनिचच्या वेळेप्रमाणें ती १४ नोव्हेंबर २०२३ ची रात्र, १० वाजून १३ मिनिटें. आपल्याकडे मात्र १५ तारखेची पहाट, ३ वाजून ४३ मिनिटें. तासच काय, तारीखहि बदलली! आमचा संगणक ग्रीनिचची वेळ धरून चालला होता. अहवालांतले सकाळचे अकरा म्हणजे वस्तुतः दुपारचे साडेचार. कॉलेजच्या हजेरीपटावर त्या सकाळीं मुलगा हजर होता. तो पट मात्र पाहण्याचें कोणाला सुचलें नव्हतें.

तिसरी गोष्ट नकारांची. 'वर्ज्य स्थळांचे प्रयत्न' म्हणून त्याच्या नांवापुढें मोठा आंकडा होता. त्यांतले बहुतेक ४०७ या खुणेचे निघाले. 'आधीं नांव आणि परवलीचा शब्द सांगा' असें मध्यस्थ म्हणतो, तेव्हां ही खूण पडते. ती प्रामाणिक माणसाच्याहि वाट्याला येते. खरी मनाई असते ती ४०३ ची.

शिवाय हल्लीं बहुतेक स्थळांचा व्यवहार गुप्तलिपींत चालतो. अशा वेळीं मध्यस्थाला साधारणतः स्थळाचें नांव तेवढें कळतें. आंत कोणतें पान वाचलें तें कळत नाहीं. यूट्यूबवर मुलानें गाणें ऐकलें कीं पदार्थविज्ञानाचें व्याख्यान, हें वही सांगूं शकत नाहीं. आपण मात्र आपल्या मनांतलें उत्तर तिच्या तोंडीं घालतों.

मग अहवाल करूंच नयेत काय? अवश्य करावेत. कोणत्या वेळीं गर्दी होते, घेतलेली लाइन पुरते कीं नाहीं, कोठींतून किती मागण्या भागल्या, एखादा बिघडलेला संगणक रात्रभर मागण्या करीत सुटला आहे काय, हें सर्व वही उत्तम सांगते. परंतु अशा अहवालांत व्यक्तीचें नांव लागत नाहीं; सर्वांची बेरीज पुरते. नांव पाहावें तें ठराविक तक्रार असेल तेव्हांच, दोघां जबाबदार माणसांनीं, मूळ ओळी समोर ठेवून, आणि ज्याचें नांव आहे त्याचें म्हणणें आधीं ऐकून. वही कोण ठेवतो, किती दिवस ठेवतो, हें मुलांना पहिल्या दिवशींच सांगावें. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्णय दिला. वसतिगृहांत राहावयास आलें म्हणून मुलाचा तो हक्क फाटकाबाहेर राहत नाहीं.

त्या मुलाचें इंटरनेट दुसऱ्याच दिवशीं सुरू झालें. वडिलांना दुसरें पत्र मीं स्वतःच्या हातानें लिहिलें. मुलाचा दोष नव्हता, वाचणाऱ्यांचा होता, असें त्यांत स्पष्ट म्हटलें. मुलाचीहि मीं क्षमा मागितली. तो ओशाळला, वांकून नमस्कार करूं लागला. मीं त्याला मध्येंच थांबविलें. त्या दिवशीं गुरु तो होता.

तुमच्या मुलांच्या शाळेंतून, किंवा तुमच्या स्वतःच्या कचेरींतून, असा एखादा आंकड्यांचा कागद कधीं हातांत आला, तर रागावण्यापूर्वीं दोन प्रश्न अवश्य विचारा: हें घड्याळ कोठलें, आणि हे तास कशाचे?