परदेशी संशोधनाचा खर्च कोण उचलतो

विज्ञानाच्या संशोधनासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला पैसा तीन वाटांनी मिळतो: सरकारी तिजोरीतून, दात्याच्या निधीतून, किंवा दोघांनी मिळून चालवलेल्या योजनेतून. तिसरी वाट सर्वांत कमी परिचित असली, तरी आज पदवी घेणाऱ्यांनी तीच नीट समजून घेण्यासारखी आहे.

नागपूरचा अशा मदतीच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी येथे एम्प्रेस मिल सुरू केली आणि पुढे १८९२ मध्ये भारतीयांच्या परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी उभारला. तो खैरात म्हणून नव्हे, कर्जाऊ दिला जाई. फेडीचा पैसा पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येई. अगदी आरंभीच्या लाभार्थींत डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. पुढे राजा रामण्णा आणि जयंत नारळीकर याच निधीच्या बळावर इंग्लंडला गेले. फेडीच्या अटीमुळे निधी शतकाहून अधिक काळ आटला नाही. मात्र कर्ज घ्यायला पाठीशी कोणीतरी उभे असावे लागते, आणि ते प्रत्येक घराच्या नशिबी नसते.

दुसरी रीत देणगी विद्यापीठाच्या हाती सोपवण्याची. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपये ठेवले आणि त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. मुंबई विद्यापीठाकडे सर मंगळदास नथुभाईंच्या देणगीची परदेशी शिष्यवृत्ती होती. दाता निवडीत नसे; गुणवत्ता ठरवणे विद्यापीठाचे काम असे.

ती शिष्यवृत्ती कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना मिळाली. केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे श्वसनाशी निगडित प्रथिन असते, हे त्यांनी दाखवले. त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांच्या आसपासचा होता. त्यावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. त्याच वर्षी त्या भारतात परतल्या आणि पुढे नीरा, कडधान्ये यांच्या पोषणमूल्यावर त्यांनी काम केले. देणगीचा पैसा गरिबांच्या आहाराच्या अभ्यासापर्यंत असा पोहोचला.

स्वातंत्र्यानंतर सरकारचा वाटा वाढला. त्याआधीही, १९४५ मध्ये, हरगोविंद खुराना सरकारी शिष्यवृत्तीवर लिव्हरपूलला गेले होते. पुढे त्यांच्याच नावाच्या कार्यक्रमातून भारतीय विद्यार्थ्यांनी अमेरिकेतील प्रयोगशाळांत उन्हाळ्यापुरते संशोधन केले. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, भारत-अमेरिका विज्ञान व तंत्रज्ञान मंच आणि एक अमेरिकी ना-नफा संस्था यांनी तो मिळून चालवला. पदवीच्या वयात दुसऱ्या देशाची प्रयोगशाळा आतून पाहायला मिळणे ही फार मोलाची संधी आहे.

भागीदारीचे सर्वांत पक्के रूप इंडिया अलायन्समध्ये दिसते. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये ही शिष्यवृत्ती योजना सुरू केली, तेव्हा दोघांचा वाटा सारखा होता. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केलेल्या तिसऱ्या टप्प्यासाठी एकूण १५०० कोटी रुपये आहेत: विभागाचे १००० कोटी, वेलकमचे ५०० कोटी. येथे प्रवाहाची दिशाही बदलते. शिष्यवृत्तीधारक भारतातील संस्थेत बसून काम करतो, परदेशी प्रयोगशाळांशी त्याचे नाते जुळते, आणि परदेशात घडलेल्या संशोधकाला परतायला कारण मिळते.

अशा योजनेत दोन्ही बाजू एकमेकींची उणीव भरून काढतात. ज्याचा निकाल लगेच दिसणार नाही अशा विषयावर न्यास पैसा लावू शकतो. सरकारला दर वर्षीच्या तरतुदीचा हिशेब द्यावा लागतो. उलट न्यासाचे धोरण विश्वस्त बदलले की बदलू शकते, तर सरकारी योजनेवर विधिमंडळात आणि संसदेत प्रश्न विचारता येतो. सामाजिक न्यायाची बाजूही सरकारनेच उचलली पाहिजे. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ते काम करते. दात्याची निवड बहुधा आधीच तयार झालेल्या विद्यार्थ्यावर थांबते. गडचिरोली किंवा मेळघाटातला विद्यार्थी तयार व्हावा यासाठी आधीची काही वर्षे खर्च करावी लागतात.

अर्ज करणाऱ्याने रकमेपेक्षा अटी आधी वाचाव्यात. मदत अनुदान आहे की कर्ज, विमानभाडे, विमा आणि पहिल्या महिन्याचे घरभाडे त्यात धरले आहे का, पहिला हप्ता निघण्यापूर्वी मिळतो की पोहोचल्यावर, परतण्याचे बंधन किती वर्षांचे, आणि संशोधनातून निघालेल्या शोधावर हक्क कोणाचा, हे सारे करारात लिहिलेले असते.