हृदयाभोवतीचं पाणी

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार पूर्ण होऊन दोन वर्षं झालेली एक बाई डोळ्यांसमोर आणा. पाटणबोरीची म्हणा, रुंझ्याची म्हणा. कापूस वेचताना आधी ओळ संपेपर्यंत तिला दम लागायचा, आता अर्ध्या ओळीतच बसावं लागतं. रात्री आडवं झालं की जीव घाबरा होतो, म्हणून ती भिंतीला टेकून झोपते. घरचे म्हणतात, केमोनं रक्त कमी झालंय, बीट खाऊ घाला.

रक्त कमी असेलही. बऱ्याचदा तेच असतं. पण स्तनाचा, फुप्फुसाचा, अन्ननलिकेचा किंवा लिम्फग्रंथींचा कॅन्सर हृदयापर्यंत पोचू शकतो. हृदयात मुळात सुरू होणारा कॅन्सर फार दुर्मीळ. दुसरीकडून आलेला त्याच्या कितीतरी पट जास्त आढळतो. तो बहुधा हृदयाभोवतीच्या पिशवीत शिरतो आणि तिथं पाणी साचतं. त्या पिशवीत एरवीही थोडं पाणी असतं, साधारण 15 ते 50 मिलिलिटर. हळूहळू वाढलं तर लिटरभर साचेपर्यंत माणूस तग धरतो. झपाट्यानं वाढलं तर 200 मिलिलिटरही जीवघेणं ठरतं.

आपल्याकडे सरसकट ‘छातीत पाणी झालं’ म्हणतात. फुप्फुसाभोवतीचं पाणी वेगळं, हृदयाभोवतीचं वेगळं. डॉक्टरांना नेमकं विचारा, पाणी कुठं आहे?

याचं उत्तर देणारी पहिली तपासणी म्हणजे इको. ती ध्वनिलहरींवर चालते, तीत किरणोत्सर्ग नसतो, सुई टोचत नाहीत. छातीवर थंडगार जेल लावून यंत्र फिरवतात. पाणी असेल तर पडद्यावर धडधडत्या हृदयाभोवती काळा पट्टा दिसतो. फार असेल तर हृदय त्यात हेलकावे खाताना दिसतं. दाबानं उजवे कप्पे आत दबू लागले, तर पाणी तातडीनं काढावं लागतं. तेही इकोत बघत बघत सुईनं काढता येतं आणि त्याच पाण्यात कॅन्सरच्या पेशी आहेत का, ते तपासता येतं. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे रुग्ण ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात, ते घेतलेल्यांच्या हृदयाची ताकद कमी झाली का, हेही इकोतच कळतं. म्हणून यवतमाळला इको होत असेल, तर नागपूरच्या तारखेची वाट बघू नका.

इकोत गाठ दिसली तर प्रश्न उरतो, ती कॅन्सरची की रक्ताची गुठळी? इथं एमआरआय उपयोगी पडतो. शिरेतून दिलेलं औषध गाठ बहुधा शोषते, गुठळी शोषत नाही. पण हृदयाचा एमआरआय सगळ्याच केंद्रांत होत नाही. फोनवर विचारल्याशिवाय दीडशे किलोमीटर जाऊ नका. पेसमेकर असेल तर तेही आधीच सांगा. सीटी स्कॅनमध्ये आजूबाजूची फुप्फुसं आणि गाठी दिसतात. पेट स्कॅनचं वेगळं आहे. त्यात साखरेसारखं औषध देतात आणि निरोगी हृदयही साखर खातंच, त्यामुळे चित्र फसवं येऊ शकतं. हृदयासाठी पेट करायचा असेल, तर आदल्या दिवशी काय खायचं आणि किती तास उपाशी राहायचं, ते केंद्राकडून लिहूनच घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र स्वतःहून बंद करू नका.

आणि रात्री आडवंच होता येत नसेल, चक्कर येत असेल, मानेच्या शिरा फुगल्या असतील, तर सकाळ होऊ देऊ नका. 108 ला फोन करा, आणि निघताना कॅन्सरची जुनी फाइल पिशवीत घाला.