डोक्याला मार लागला, की लगेच स्कॅन?
(पालक मेळाव्यातील भाषण)



मूल पलंगावरून पडते, कपाळावर टेंगूळ येते. घाबरलेली आई दवाखान्यात शिरताच म्हणते, "डॉक्टरसाहेब, पैशांचे बघू, आधी स्कॅन काढा." उलट एखादे वडील तीनदा उलटी झालेल्या मुलाला हळद लावून रात्रभर घरीच ठेवतात. माया दोघांचीही खरी. निर्णय मात्र दोघांचाही चुकू शकतो.

सी.टी. स्कॅन हे वरदानच आहे. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र निघाले आणि १९७९ साली हाउन्सफील्ड व कॉर्मॅक यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे चित्र क्ष-किरणांनी निघते. १९६९ पासून तारापूरला अणुवीज केंद्र असल्याने किरणोत्सर्ग हा शब्द आपल्या बोईसर-पालघरला नवा नाही. एका स्कॅनमुळे पुढे कर्करोग होण्याचा संभव अगदी थोडा वाढतो. परंतु मुलाच्या वाढत्या पेशी नाजूक आणि पुढचे आयुष्य लांब. गरज असेल तेव्हा स्कॅनला मुळीच भिऊ नये, गरज नसताना हट्ट धरू नये.

ही गरज ओळखायची कशी? २००९ साली उत्तर अमेरिकेतील २५ रुग्णालयांत डोक्याला मार लागलेल्या ४२,४१२ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. ही मुले तपासणीच्या वेळी शुद्धीवर, किंवा जवळजवळ पूर्ण शुद्धीवर होती. त्यांपैकी ३७६ जणांना मेंदूची गंभीर इजा निघाली. मेंदूची शस्त्रक्रिया ६० जणांवर करावी लागली. त्यातून नियम निघाला: दोन वर्षांवरील मूल पूर्ण शुद्धीवर आहे, बेशुद्ध पडले नव्हते, उलटी नाही, तीव्र डोकेदुखी नाही, कवटीच्या तळाशी मोड झाल्याचे चिन्ह नाही आणि पाच फुटांहून उंचावरून पडणे वा वाहनाची जबर धडक असा प्रकार नाही, तर स्कॅनची आवश्यकता सहसा नसते. दोन वर्षांखालील बाळांचा नियम वेगळा. तिथे तीन फुटांवरून पडणेही मोठे मानतात. आणि "बाळ नेहमीसारखे वागते आहे का?" या प्रश्नाला आईचे उत्तर हा त्या नियमाचाच भाग आहे!

मधल्या मुलांना डॉक्टर काही तास नजरेखाली ठेवतात. "नुसते बसवून ठेवले" असे समजू नका. तोही उपचारच आहे.

मात्र मूल जागे करूनही नीट जागे होत नसेल, बरळत असेल, झटके येत असतील, पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, कानानाकातून रक्त वा पाणी येत असेल, हातपाय लुळे पडत असतील, तर क्षणही दवडू नका. १०८ ला फोन करा.

विद्यार्थी मित्रांनो, मार बसेल या भीतीने पडल्याचे लपवू नका. पालकहो, खरे सांगणाऱ्या मुलाला रागावू नका. किती उंचावरून पडला, केव्हा पडला, हे कळल्याशिवाय डॉक्टर निर्णय कसा घेणार? आणि दुचाकीवर मागे बसणाऱ्या चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट कायद्याने आवश्यक आहे, हे विसरू नका. स्कॅनपेक्षा ते केव्हाही स्वस्त.