वहीतली बाकी फोनात जाताना

आम्ही रेणापूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. आज आमच्याच एका चुकीची गोष्ट सांगायची आहे.

गेल्या साली आमच्या गटाचा हिशेब वहीतून फोनातल्या ॲपमध्ये गेला. काम सोपं वाटलं होतं. वहीत बघायचं आणि फोनात भरायचं, एवढंच. दोघींनी दोन संध्याकाळी बसून अकरा जणींचं सगळं भरून टाकलं. पुढच्या बैठकीत फोनावरून यादी वाचली, तर एका काकूंच्या नावापुढं बाकी निघाली २०,००० रुपये.

काकूंनी शेळ्यांसाठी २०,००० उचलले होते, हे खरं. पण २,००० मुद्दलाचे सात हप्ते त्यांनी फेडले होते. म्हणजे राहिले ६,०००. वाचणारीनं फोन पुढं केला, "बघा की, इथं वीसच दिसायलेत." मागून कुणीतरी हळूच 'थकबाकी' म्हणालं. काकू काहीच बोलल्या नाहीत. चहा न घेता उठून गेल्या, आणि पुढच्या बैठकीला आल्याच नाहीत.

मग आम्ही वही काढली. सात हप्ते, सात अंगठे, सगळं जागच्या जागी. चूक फोनाची नव्हती, आमची होती. वहीत 'कर्ज' असा एकच रकाना. हप्ते पुढच्या पानांवर. ॲपमध्ये मात्र दोन रकाने, दिलेलं कर्ज वेगळं आणि आजची बाकी वेगळी. आम्ही एकच आकडा दोन्हीकडं ठोकून दिला होता.

त्या रात्री वहीतल्या सगळ्यांच्या बाकीची बेरीज केली असती आणि ती फोनातल्या बेरजेशी लावून बघितली असती, तर १४,००० चा फरक तिथंच दिसला असता. काकूंना चारचौघीत ऐकून घ्यावं लागलं नसतं.

आता बेरीज जुळली म्हणजे झालं, असंही नाही बरं का. आमच्या गटात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोघी आहेत. आम्ही त्यांना नवऱ्याच्या नावानं ओळखतो, फोन कशानं ओळखणार? एकीची बचत दुसरीच्या नावावर आणि दुसरीची पहिलीच्या. बेरीज अगदी बरोबर, आणि दोघींचं खातं चूक. त्यामुळं शेवटी एकेकीला समोर बसवून तिचा आकडा तिलाच वाचून दाखवला. वेळ लागला, पण ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आपली बाकी तोंडपाठ असते. यंत्रापेक्षा पक्की. पुढचे तीन महिने वही आणि फोन दोन्ही चालवले.

गटांचे हिशेब यंत्रावर घ्यायचं हे काही आजचं नाही. नाबार्डनं २०१५ साली 'ई-शक्ती' सुरू केलं तेव्हा पहिले दोन जिल्हे निवडले, त्यात एक आपल्या महाराष्ट्रातलं धुळे होतं, दुसरं झारखंडातलं रामगड.

आणि बँकांचंही असंच होतं. थोरल्या बायांना 'हैदराबाद बँक' आठवत असेल. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा १९४१ साली ती निघाली. पुढं तिचं नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झालं. १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँक ऑफ इंडियात गेली. तिच्यासोबत चार बहीण-बँका गेल्या, आणि बायांसाठी म्हणून २०१३ मध्ये काढलेली भारतीय महिला बँकही. ग्रामीण बँकेचं तर दोनदा झालं. २००९ मध्ये मराठवाडा ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली, आणि १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँकही तिच्यात मिळाली.

अशा वेळी आपलं नाव, पत्ता, शिल्लक, वारस, मोबाइल नंबर, सगळं एका यंत्रातून दुसऱ्यात जातं. आयएफएससी बदलू शकतो. तो अकरा अक्षरांचा असतो आणि पहिली चार अक्षरं बँकेची असतात. हैदराबाद बँक गेली तेव्हा तीच बदलली.

म्हणून बँक बदलणार असं कानावर आलं, की आधी पासबुक भरून घ्यायचं. नवं आलं तरी जुनं फेकायचं नाही. बदल झाल्यावर शिल्लक जुळवायची आणि वारसाचं नाव आहे का, ते विचारायचं. पासबुकावर रुक्मिणबाई आणि आधारवर रुक्मिणी असलं, तर ते लगेच एकसारखं करून घ्यायचं. लाडक्या बहिणीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी आधार ज्या बँकेला जोडलं, तिथं. "पैसेच आले नाहीत" म्हणणाऱ्या कितीतरी जणींचे पैसे दुसऱ्याच खात्यात पडलेले असतात. विचारायला लाजू नका. काउंटरवरचा माणूस कावला तर कावू द्या, पैसा आपला आहे.

काकूंकडं आम्ही सगळ्या मिळून गेलो, वही घेऊन. त्यांनी पान उघडायला लावलं, एकेक अंगठा बोटानं मोजला, मग चहा टाकला. पुढच्या बैठकीत यादी वाचली तेव्हा त्या पुढं बसल्या होत्या. जुन्या वह्या आता त्यांच्याच घरी आहेत, पत्र्याच्या पेटीत, कडुलिंबाचा पाला घालून.