कुदळीचीं पांच मिनिटें

व्यायामानें शरीर सुधारतें हें शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असतें. परंतु शरीराबरोबर मनुष्याचा स्वतःवरील भरंवसा कसा वाढत जातो, हें नुसत्या उपदेशानें कळत नाहीं. त्यासाठीं एखादें चरित्रच पाहावें लागतें. श्रोतेहो, वर्ध्यालगतच्या नालवाडी या लहानशा गांवाशीं असें एक चरित्र निगडित आहे.

१९३२ च्या डिसेंबरांत विनोबा भावे नालवाडीस राहावयास गेले. समाजानें अस्पृश्य म्हणून दूर लोटलेल्या लोकांची ती वस्ती. सूत कातून मिळेल तेवढ्या मजुरीवरच निर्वाह करावयाचा, असा विनोबांनीं तेथें निश्चय केला. तासन् तास बसून कातणें, अन्न मोजकें, आणि डोक्यावर आश्रमाच्या कामाचा भार! १९३८ सालापर्यंत त्यांचें वजन ८८ पौंडांवर आलें. वय अवघें ४२. परंतु हा देह आतां फार दिवस टिकत नाहीं, असें भोंवतालच्यांस वाटूं लागलें.

विनोबांना व्यायाम अपरिचित होता असें नव्हे. १९१७ सालीं साबरमतीच्या आश्रमांतून रजा घेऊन ते वाईस अध्ययनासाठीं राहिले, तेव्हां प्रकृति सुधारण्यासाठीं प्रथम रोज दहा-बारा मैल चालणें, मग सहा-आठ शेर धान्य दळणें, आणि पुढें ३०० सूर्यनमस्कार, असा त्यांचा क्रम होता. पण एकदां कमावलेलें आरोग्य जन्मभर पुरत नाहीं; तें रोजच्या भाकरीप्रमाणें रोज मिळवावें लागतें.

गांधीजींनीं त्यांना थंड हवेच्या ठिकाणीं जाण्यास सुचविलें. विनोबांनीं पसंत केलें तें मात्र जवळचेंच पवनार. तेथें धाम नदीच्या तीरीं जमनालाल बजाज यांचा बंगला होता. आश्रमाची सर्व चिंता मागें ठेवून जावें, एवढी अट गांधीजींनीं घातली. ता. ७ मार्च १९३८ रोजीं धाम नदीचा पूल ओलांडतांना विनोबांनीं सारा भार मनानें सोडून दिला.

पवनारच्या शेतांत त्यांनीं कुदळ हातीं घेतली. पहिल्या दिवशीं खणलें तें फक्त पांच मिनिटें. पुढें वेळ थोडा थोडा वाढवीत तो दोन तासांपर्यंत नेला. खरें मर्म येथेंच आहे. स्नायूंवर बेताचा भार पडला व पुढें विसांवा मिळाला, म्हणजे ते पूर्वींपेक्षां किंचित् बळकट होतात. एकदम फार भार घातला तर दुखावतात. मनाचाहि न्याय हाच. आज ठरविलेलीं पांच मिनिटें पुरीं झालीं, कीं उद्यांच्या सातांविषयीं शंका उरत नाहीं. दिलेला शब्द आपण स्वतःशीं पाळूं शकतों, या रोजच्या अनुभवालाच आत्मविश्वास म्हणतात. कांहीं महिन्यांत विनोबांचें वजन १२८ पौंड झालें. म्हणजे तब्बल ४० पौंडांची भर! शिवाय त्या खणण्यांत जमिनींतून जुन्या मूर्तीहि हातीं लागल्या. औषध म्हणून आरंभिलेले श्रम पाहतां पाहतां जीवनाचें अंग बनले.

याची खरी परीक्षा १९५१ सालीं झाली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं विनोबा हैद्राबादजवळील शिवरामपल्लीच्या संमेलनास सुमारें ३०० मैल पायीं गेले. ता. १८ एप्रिल रोजीं पोचमपल्लीस भूदानाचा आरंभ झाला, आणि पुढें जवळ जवळ तेरा वर्षें त्यांनीं देश पायांखालीं घातला. ज्याच्या जगण्याची एके काळीं शाश्वती नव्हती, त्यानेंच गांवोगांव चालत जाऊन लोकांकडे जमीन मागितली!

अर्थात् व्यायाम म्हणजे अभेद्य कवच नव्हे. १९५२ च्या अखेरीस बिहारमध्यें चांडिल येथें त्यांना हिंवतापानें गांठलें, आणि आरंभीं नाकारलेलें औषध शेवटीं घ्यावें लागलें. जो आपलें बळ ओळखतो, त्यानें आपली मर्यादाहि ओळखली पाहिजे. बरें वाटतांच त्यांनीं वाट पुन्हां धरली.

शहरांतील घरांत शेत नसतें, कुदळहि नसते. परंतु गच्ची असते, जिना असतो, सकाळचा मोकळा रस्ता असतो. उद्यां एक तास करीन असा संकल्प सोडणाऱ्यापेक्षां, आज पांचच मिनिटें करून उठणारा मनुष्य त्या मार्गावर अधिक पुढें गेलेला असतो.