गुडघ्याच्या वर



सुरत-भुसावळ लोहमार्गावर बारडोली हे स्टेशन लागतं. दिवाळी सरली की नंदुरबार, नवापूर, धुळे या भागांतली कुटुंबं ऊसतोडीसाठी इकडे येतात आणि पडावावर खोपी घालून राहतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात इथल्या खानदेशी तोडकऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हाही इथलं काम माणशी मोजलं जात नव्हतं, कोयत्यावर मोजलं जात होतं. नवरा तोडतो, बायको पाला काढून मोळी बांधते, दोघं मिळून एक कोयता. मुकादमाची आगाऊ उचलही कोयत्यावरच. म्हणून अशा घरात एकाचा पाय गेला की मजुरी दोघांची थांबते आणि उचल मात्र अंगावर तशीच राहते.

आज मला बोलायचंय ते मांडीतून पाय कापावा लागलेल्या माणसांबद्दल. कुणाचा पाय महामार्गावरच्या अपघातात चिरडतो. कुणाची शुगर वाढलेली असते, पायाला बधिरपणा आलेला असतो, उसाचं खोडकं लागलेलं कळतच नाही आणि जखम सडते. तिसरं कारण बिडी. बर्गर नावाच्या आजारात तरण्याताठ्या माणसाच्या पायातल्या रक्तवाहिन्या बंद होत जातात. त्यात बिडी-तंबाखू पूर्ण सोडणं हाच मुख्य उपाय आहे, आणि वेळीच सोडली तर पाय वाचू शकतो.

ऑपरेशनच्या आधी नातेवाईक डॉक्टरांना विनवतात, ‘साहेब, जरा खालून कापा.’ ही विनवणी खरी आहे, कारण गुडघा वाचला तर फार मोठी गोष्ट वाचते. सर्जनही तो वाचवायचाच प्रयत्न करतात. पण जिथे रक्त पोचत नाही तिथे कापलं तर जखम भरत नाही, आणि काही आठवड्यांनी पुन्हा वरून कापावं लागतं. अशक्त माणसाला दुसरं ऑपरेशन झेपणं कठीण असतं.

गुडघा गेल्याची किंमत चालताना कळते. गुडघ्याखाली पाय गेलेला माणूस कृत्रिम पायानं चालतो तेव्हा त्याला नेहमीपेक्षा साधारण पाव हिस्सा जास्त शक्ती लागते. अपघातात मांडीतून पाय गेलेल्याला ती दोन-तृतीयांशानं जास्त लागते, आणि रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर जवळजवळ दुप्पट. म्हणून सत्तरीतल्या आजोबांनी कृत्रिम पाय बाजूला ठेवून चाकाची खुर्ची धरली तर त्यांना आळशी म्हणू नका. त्यांचं हृदयही बहुधा त्याच आजारानं थकलेलं असतं. रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे मांडीतून पाय कापलेल्या वयस्कर रुग्णांपैकी साधारण तिघांतला एक वर्षभरात दगावतो, काही पाहण्यांत त्याहून जास्त. तो बहुतेकदा हृदयानं जातो. त्यामुळे टाके निघाले म्हणून शुगरची, रक्तदाबाची औषधं बंद करायची नाहीत. आणि उरलेला पाय रोज उजेडात नीट पाहायचा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

आता ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे. घरचे मायेनं उरलेल्या मांडीखाली उशी देतात. ती काढा. मांडी आत ओढणारे स्नायू कापले गेलेले असतात, त्यामुळे मांडी आपोआप पुढे आणि बाहेर वळते. उशीवर ती तशीच आखडली, तर पुढे कितीही चांगला पाय आणला तरी बसणार नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपायचं. झोळ पडलेल्या खाटेपेक्षा खोपीतली सपाट जमीन यासाठी चांगली. मांडीला पट्टी बांधायची ती आठाच्या आकड्यासारखी, टोकाला घट्ट आणि वर सैल, म्हणजे सूज उतरून तिला आकार येतो. हे रुग्णाच्या बायकोला किंवा भावाला वॉर्डातच, हातात पट्टी देऊन शिकवलं पाहिजे. घाईघाईच्या डिस्चार्जमध्ये हे शिकवणं राहून जातं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

रात्री गेलेला पाय दुखतो, बोटं आवळल्यासारखी वाटतात. रुग्ण हे लपवतो, लोक वेडा म्हणतील म्हणून. हे वेड नाही आणि बाहेरचंही काही नाही. मेंदूत त्या पायाची जागा अजून शाबूत असते. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात तुटलेल्या हाताच्या अशाच वेदनेवर साधा आरसा वापरला. पायासाठी तो दोन्ही पायांच्या मधे उभा धरतात आणि त्यात दिसणारा चांगला पाय हलवून पाहतात. काहींना त्यानं आराम पडतो. औषधंही आहेत. भगताकडे जाण्याआधी डॉक्टरांना सांगा.

जयपूर फूट सगळ्यांना माहीत आहे. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो १९६८च्या सुमारास घडवला. अनवाणी चालणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसाचा विचार त्यात होता. पण मांडीतून पाय गेलेल्याचं खरं अडतं ते गुडघ्यापाशी. साध्या बिजागरीचा गुडघा भार चुकला की दुमडतो आणि माणूस पडतो. कुलूप लावलेला गुडघा पडू देत नाही, पण मग पाय काठीसारखा ओढावा लागतो. जयपूर फूट बसवून देणाऱ्या जयपूरच्या संस्थेनं स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांबरोबर नायलॉनचा स्वस्त गुडघा तयार केला. त्यात एकाऐवजी अनेक सांधे आहेत. उभं असताना तो स्थिर राहतो, पाऊल उचलताना सहज दुमडतो. या गुडघ्यावर माणूस घरात-बाजारात फिरू शकतो, दुकान चालवू शकतो. दिवसभर वाकून ऊस तोडणं मात्र होणार नाही, आणि हे त्याला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगावं, म्हणजे घरचे दुसऱ्या कामाचा विचार वेळेत सुरू करतील. अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं ओळखपत्रही, त्याच काळात काढून घ्यावं.

एक गोष्ट कृत्रिम पाय बसवण्याची शिबिरं भरवणाऱ्या मंडळींसाठी. उरलेली मांडी पहिल्या काही महिन्यांत बारीक होते, पहिलं सॉकेट, म्हणजे मांडी जिच्यात बसते ती कृत्रिम पायाची वाटी, सैल पडतं, घासतं, जखमा होतात. मग तो पाय खोपीच्या कोपऱ्यात पडून राहतो. बारडोलीत पाय बसवलेला तोडकरी उन्हाळ्यात हंगाम संपल्यावर नवापूरच्या पलीकडे आपल्या गावी गेलेला असतो. त्याला दुसऱ्या सॉकेटसाठी पुन्हा इथेच बोलावण्यात अर्थ नाही. पाय देतानाच त्याच्या गावाचं नाव आणि तो तिथे असण्याचे महिने लिहून घ्या, आणि दुसरं माप नंदुरबारला घेण्याची व्यवस्था करा.