उखडलेली काँक्रीटची वाट

मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर असल्यामुळें भिवंडीच्या आसमंतांत गुदामांची वस्ती वाढली. १ जुलै २०१७ रोजीं जकात गेली. गुदामें मात्र राहिलीं, आणि त्यांच्यापुढचीं काँक्रीटचीं आवारेंही राहिलीं. बंगलेवाल्यांनींही फाटकापासून पायरीपर्यंत मोटारीसाठीं तशीच वाट करून घेतली. दोनतीन पावसाळे गेले कीं तिचा पापुद्रा सुटूं लागतो, खडी उघडी पडते, आणि घरधनी सिमेंटला दोष देतो.

दोष बहुधा सिमेंटचा नसतो. थंड मुलुखांत काँक्रीटच्या रंध्रांत शिरलेलें पाणी गोठून सुमारें ९ टक्के फुगतें व पृष्ठभाग फोडतें. कोंकणपट्टींत ही सबब सांगतां येत नाहीं. येथें पाण्याचा अपराध घडतो तो काँक्रीट ओतण्याच्या दिवशींच. माल सहज पसरावा म्हणून मजूर आणखी एक बादली ओततो. खडी खालीं बसते, पाणी वर येतें, आणि तें आटण्याची वाट न पाहतां गवंडी त्यावर कोरडें सिमेंट भुरभुरून थापीनें घोटतो. वाट आरशासारखी दिसते, बिल चुकतें होतें. वरचा थर मात्र दुबळाच राहतो. खाडीची खारी रेती न धुतां वापरली असेल, तर तिच्यांतील मिठानें सळई गंजते आणि गंजानें फुगून वरचें काँक्रीट ढलप्यांनीं उडवितें. अशा ठिकाणीं सळई उघडी करून गंज खरवडल्यावांचून गत्यंतर नसतें.

दुरुस्ती म्हणून सिमेंटचा पातळ हात फिरविण्याची रीत सर्वत्र आहे. तो हात धुळीला चिकटतो, काँक्रीटला नव्हे. मोटारीच्या चाकाखालीं तो लवकरच सुटतो.

प्रथम हातोडीनें वाट ठोकून पाहावी. जेथें पोकळ आवाज येईल तेथें खडूनें रेघ ओढावी व तेवढा भाग छिन्नीनें घट्ट काँक्रीट लागेपर्यंत उकरावा. कडा उभ्या कापाव्या, निदान अर्धा इंच खोल. निमुळत्या कडेवरील माल तुटतोच. तेलाचे डाग धुण्याच्या सोड्यानें घासून काढावे. मग खळगा रात्रभर भिजत ठेवावा आणि सकाळीं सांचलेलें पाणी टिपून घ्यावें. जागा ओलसर हवी, परंतु पाणी चमकतां कामा नये.

आतां सिमेंटचा दाट घोळ ब्रशानें रगडून लावावा, आणि तो वाळण्यापूर्वींच एक भाग सिमेंट व अडीच भाग धुतलेली रेती यांचा घट्ट माल ठोकून भरावा. या पायरीस उशीर झाला तर सुकलेला घोळ जोडण्याऐवजीं दोन थर वेगळे ठेवतो. गवंडी चहाला जातो तो नेमका याच वेळीं. खळगा दोन इंचांहून खोल असल्यास मालांत बारीक खडी घालावी. शेवटीं लांकडी रंध्यानें सपाट करून झाडू ओढावा, म्हणजे पावसांत पाय घसरत नाहीं. त्यावर गोणपाट अंथरून तें सात दिवस ओलें ठेवावें. तोंवर मोटार बाहेरच उभी करावी.

दोन लाद्यांमधला सांधा मात्र मालानें बुजवूं नये. उन्हानें काँक्रीट फुगतें आणि त्याला जागा लागते. तेथें लवचिक लांबीच भरावी. वाटच खचली असेल, तर खालचा मुरूम पाण्याबरोबर वाहून गेलेला असतो. तेथें आधीं पाण्याचा निचरा करावा, मग मुरूम दाबून भरावा, आणि ही कामें दिवाळीनंतर, पाऊस पुरता उघडल्यावर हातीं घ्यावीं.